पाठीवरची गाठ

मराठी माणसाला ‘बांधा’ म्हटले की देहाची ठेवण आठवते. सडपातळ बांधा, भरदार बांधा असे आपण म्हणतो. छत्तीसगडात हा शब्द पाण्याशी जोडलेला आहे. रायपूरची तेलीबांधा ही वस्ती तेथील तलावाच्या नावाने ओळखली जाते, आणि तेली समाजाने घातलेला बांध तो तेलीबांधा, अशी त्या नावाची फोड शेजारपाजारची माणसे सांगतात. अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी या शहरात आले आणि तलावापासून जवळच दोन खोल्या भाड्याने घेऊन राहू लागले. तलावाकाठच्या प्रशस्त वाटेला लोक आता ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. संध्याकाळी तेथे फिरणाऱ्यांची गर्दी असते. धमतरीकडे जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी पूर्वी तेलीबांध्यावरून जात असे. ते रूळ उखडले जाऊन त्यांच्या जागी रुंद रस्ता झाला आहे. आतल्या गल्ल्यांत मात्र जुनी घरे आणि जुने शेजार टिकून आहेत.

अशाच एका शेजारघरी लग्न निघाले. नवऱ्या मुलाची वरात बिलासपूरकडे गेली आणि घरात केवळ बायका उरल्या. रात्री दहाच्या सुमारास मला बोलावणे आले. वरात गेलेल्या रात्री नवऱ्या मुलाच्या घरी बायकांनी पुरुषांचे वेष घेऊन नाचण्याची आणि सोंगे आणण्याची चाल या प्रदेशात आहे. तिला डिड़वा नाच म्हणतात. कोठे नकटा नाच असेही नाव ऐकू येते. ‘डिड़वा’ म्हणजे अविवाहित पुरुष. या खेळाला पुरुषांना मज्जाव असतो. मी गेले तेव्हा अंगणात एक हवालदार, एक वैद्य आणि दोन मद्यपी दीर आधीच अवतरले होते. काजळाच्या मिशा होत्या, डोक्याला फेटे होते, पायांत घरच्या पुरुषांच्या चपला होत्या. बायका आपल्या लुगऱ्याविषयी आणि पोलख्याविषयी बोलत होत्या, आणि माझ्या कानांना ती आपली लुगडी-पोलकीच ऐकू येत होती.

घरातली धाकटी सून नवरदेवाचे सोंग घेणार होती. तिने सदरा चढविण्यापूर्वी एका गमछाने छाती घट्ट आवळून घेतली. गमछाची टोके पाठीवर बांधण्यासाठी ती कोणाला तरी हाक मारीत होती. ओसरीवर बसलेल्या तिच्या आजेसासूने, जिला सारी गल्ली ‘दाई’ म्हणते, तिला थांबविले. दाई छत्तीसगडीत जे म्हणाली त्याचा भावार्थ असा: “एवढे आवळून घेतलेस, तर हसशील कशी?” सून हसली आणि तिने गमछा सोडून खांद्यावर टाकला. मग ती कंबरेवर हात ठेवून अशी काही चालली की अंगणातल्या प्रत्येकीला आपापल्या घरचा पुरुष आठवला असावा.

मीही हसले, परंतु दाईच्या त्या एका वाक्याने माझ्या फासळ्यांत जुनी कळ उठली. तिचा इतिहास सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

१९९५ साली मी पंधरा वर्षांची होते. दक्षिण महाराष्ट्रातील एका गावी, मुलींच्या शाळेत शिकत होते. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात ‘संगीत सौभद्र’मधील काही प्रवेश बसविण्यात आले आणि उंचीमुळे अर्जुनाची भूमिका माझ्याकडे आली. प्रयोगाच्या दिवशी रंगपटात एका बाईंनी खेळाच्या कपाटातून क्रेप बँडेजची दोन भेंडोळी आणली. दोन्ही माझ्या छातीभोवती गुंडाळली, त्यांवर जुन्या साडीची पट्टी आवळली आणि दोन खांद्यांच्या मधोमध, जेथे माझाच हात पोहोचू शकत नव्हता तेथे, गाठ मारली. मला कोणी काही विचारले नाही. विचारायचे असते हे मलाही ठाऊक नव्हते. पहिला प्रवेश निभावला. दुसऱ्या प्रवेशातील पदाच्या मध्यावर श्वास संपला. शब्द डोळ्यांपुढे लख्ख दिसत होते. ते उच्चारायला हवा नव्हती. पेटीवाल्यांनी दोनदा सूर दिला, कोणीतरी पडद्याआडून ओळ सांगितली, आणि मी तशीच उभी राहिले. आत आल्यावर गाठ सुटेना. शेवटी आईने अंबाड्यातला आकडा काढून ती सैल केली. पुढे चार-पाच दिवस मला हसताना दुखत असे. संमेलनाच्या हस्तलिखित अहवालात मात्र ‘अर्जुनाचे पाठांतर कच्चे’ असा शेरा राहिला.

पुढे तौलनिक साहित्याचा अभ्यास करताना नाटकांतील वेषांतराविषयी मी पुष्कळ वाचले आणि थोडे लिहिलेही. परंतु त्या गाठीविषयी लिहिले नाही. विद्वत्तेच्या लेखनात फासळ्यांना स्थान नसते, असा माझा समज होता.

आपल्या रंगभूमीच्या इतिहासात वेषांतराला केवढा मान आहे! १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून कितीतरी दशके स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत आले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त (१८८२) सुभद्रा म्हणून भाऊराव कोल्हटकर गाजले. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) नेसण्याचे आणि केशरचनेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, हे आपण कौतुकाने सांगतो. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) चित्रपटात तारामती झाले ते अण्णा साळुंके. त्याच साळुंक्यांनी ‘लंकादहना’त (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. याच्या उलट दिशेचा प्रवासही घडत होता. बेळगावकर स्त्री संगीत नाटक मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी अशा केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळ्या होत्या, आणि त्यांत नायक, खलनायक, विदूषक सारे स्त्रियाच होत. तमाशाच्या फडात कांताबाई सातारकर यांनी पुरुषभूमिकाही केल्या. त्या २०२१ साली निवर्तल्या. परंतु बालगंधर्वांचा शालू कसा होता हे सांगणारे आपल्याकडे शेकडो भेटतात. त्या मंडळ्यांतील अर्जुन आपली छाती कशी बांधीत असे, कशाने बांधीत असे, आणि प्रयोगानंतर ती सोडायला कोण असे, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

या दोन वेषांतरांत एक भेद आहे. स्त्रीभूमिका करणारा नट आपल्या देहावर काहीतरी चढवितो, आणि त्याची वाहवा होते ती त्या भरीची. पुरुषभूमिका करणाऱ्या नटीला मात्र देहातून काहीतरी वजा करून दाखवावे लागते. भर घातलेली वस्तू प्रेक्षकांना दिसते. वजा केलेली दिसत नाही, आणि म्हणून तिची किंमतही कोणाला दिसत नाही. ती किंमत श्वासाने चुकती होते. श्वास घेताना फासळ्या वर आणि बाहेर सरकतात; गायकाला तर त्या बाजूंनी उघडाव्या लागतात. क्रेप बँडेज मुरगळलेला घोटा दाबून धरण्यासाठी केलेले असते. छातीभोवती आवळले की ते प्रत्येक उच्छ्वासाबरोबर आत येते आणि पुढच्या श्वासाला तेवढी जागा परत देत नाही. माझे पाठांतर कच्चे नव्हते, हे मला या साध्या शरीरशास्त्रावरून फार उशिरा कळले.

डिड़वा नाचाच्या त्या रात्रीनंतर माझ्या मनात एक सिद्धांत आकार घेऊ लागला. छाती बांधण्याची आवश्यकताच नाही, असा तो सिद्धांत होता. त्याला आधारही या भूमीतच सापडले. भिलाईजवळच्या गनियारीत १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाईंनी पंडवानी गायला आरंभ केला तेव्हा स्त्रियांनी गायचे ते वेदमती शैलीत, बसून, अशी रूढी होती. उभे राहून, अभिनयासह गायची कापालिक शैली पुरुषांची मानली जाई. तीजनबाई उभ्या राहिल्या. वयाच्या तेराव्या वर्षी दहा रुपयांच्या बिदागीवर त्यांनी पहिला कार्यक्रम केला. गायल्याबद्दल जातीने त्यांना बहिष्कृत केले. पुढे २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांचा भीम लुगड्यात, बांगड्यांत आणि कपाळभर कुंकवात उभा राही. हातातला तंबुरा तेवढा क्षणात गदा होई. छाती बांधलेली नाही, मिशी नाही, आणि तरी दुःशासनाला भय वाटावे असा भीम! त्याच महाभारताच्या विराटपर्वात अर्जुन बृहन्नडा होतो तेव्हा धनुष्याच्या दोरीने दंडांवर पडलेले घट्टे तो बांगड्यांनी झाकतो. तेथेही काही आवळलेले नाही. वर काही चढविलेले आहे.

दुसरा आधार भाषेचा होता. छत्तीसगडीत क्रियापदाला लिंग नाही. ‘मैं जावत हँव’ असे स्त्रीही म्हणते आणि पुरुषही म्हणतो. त्यामुळे धाकटी सून नवरदेव झाली तेव्हा तिला वाक्यात काही बदलावे लागले नाही. मराठीत पुरुष होणाऱ्या नटीला ‘मी जाते’चे ‘मी जातो’ करावे लागते; देहाबरोबर क्रियापदही बांधून घ्यावे लागते. अर्थात मराठीही एकच नाही. कोल्हापूरकडची माझी आजी आयुष्यभर ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असेच म्हणत असे, आणि तिच्या बाईपणाविषयी कोणाला शंका आली नव्हती. शाळेत गेल्यावर मी ते सोडले, कारण ते अशुद्ध ठरले. पंधराव्या वर्षी अर्जुन म्हणून ‘मी आलो’ म्हणण्याचा सराव मला करावा लागला. खरे म्हणजे ते माझ्या आजीचेच वाक्य होते.

हा सिद्धांत घेऊन मी समाधानात असतानाच एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिचे घराणे मराठी, पण तीन पिढ्या छत्तीसगडात राहिलेले. विभागाच्या वार्षिक कार्यक्रमात तिला एकपात्री प्रयोग करायचा होता आणि त्यासाठी माझी सही हवी होती. “मॅडम, मी ड्रॅग किंग म्हणून करणार आहे,” ती म्हणाली. स्त्रीने रंगमंचावर पुरुषाचे रूप घेऊन पुरुषपणाचाच खेळ मांडणे, असा या शब्दाचा स्थूल अर्थ आहे. १९९०नंतरच्या दशकात तो न्यूयॉर्क, लंडन, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांतून रूढ झाला. परंपरा अर्थात त्याहून जुनी आहे. इंग्लंडच्या म्युझिक हॉलमध्ये व्हेस्टा टिली (१८६४–१९५२) रुबाबदार तरुणांची सोंगे आणून १९२० पर्यंत गात होती. जपानमध्ये ताकाराझुका ही केवळ स्त्रियांची रंगसंस्था १९१३ साली, म्हणजे आपल्याकडे साळुंके तारामती झाले त्याच वर्षी, स्थापन झाली. तेथील पुरुषभूमिका करणाऱ्या नटींना ‘ओतोकोयाकू’ म्हणतात, आणि संस्था आजही चालू आहे.

प्रयोग कशावर आहे, असे मी विचारले. तिचे आजोबा धमतरीच्या छोट्या गाडीवर गार्ड होते. गाडी गेली, आजोबाही गेले. त्यांचा रेल्वेचा कोट आणि शिट्टी तिच्याकडे होती. रूळ उखडलेल्या जागी उभा राहून न येणाऱ्या गाडीला निरोप देणारा म्हातारा गार्ड, असा तिचा विषय होता. मला तो मनापासून आवडला. मग तिने संकोचाने सांगितले की, ती छाती बांधून प्रयोग करणार आहे.

मी तिला थांबविले. तीजनबाईंचा भीम सांगितला, दाईचे वाक्य सांगितले, माझा अर्जुनही सांगितला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा दाखला दिला. छाती बांधणाऱ्या १,८०० व्यक्तींनी तीत उत्तरे दिली होती आणि त्यांतील ९७ टक्क्यांहून अधिक जणांनी पाठदुखी, धाप, खाज, फासळ्यांतील वेदना असा काही ना काही त्रास नोंदविला होता. त्यासाठी खास शिवलेली वस्त्रेसुद्धा निर्धोक ठरली नव्हती. “सही मी करीन,” मी म्हणाले, “पण बांधायचे नाही, या अटीवर.”

तिने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “मॅडम, ती पाहणी मीही वाचली आहे. आठवड्यातून जितके अधिक दिवस बांधावे तितका त्रास वाढलेला दिसतो, असे तिच्यात आहे. बांधल्यामुळे मन स्थिर होते, असेही त्याच लोकांनी सांगितले आहे. त्यांतल्या बहुतेकांसाठी तो रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. माझा वीस मिनिटांचा आहे. मी मुलगीच आहे आणि मुलगीच राहणार आहे. पण कोट आजोबांचा आहे. तो छातीवर सरळ उतरला नाही, तर आजोबा दिसत नाहीत. आजोबांचा कोट घातलेली मी दिसते. मला तेवढा वेळ ते दिसायला हवे आहेत.”

या उत्तरावर माझ्याकडे काही नव्हते. तीजनबाईंना भीम दाखवायचा होता. भीम कोणी पाहिलेला नाही, म्हणून तंबुऱ्याची गदा पुरते. धाकट्या सुनेला पुरुषांची थट्टा करायची होती. थट्टेला खांद्यावरचा गमछा पुरतो. या मुलीला एक विशिष्ट माणूस, त्याच्या खांद्यांसह आणि कोटाच्या गुंड्यांसह, परत उभा करायचा होता. तीन कलावंतांच्या तीन गरजा होत्या आणि मी त्यांना एकच नियम लावीत होते. त्याहून वाईट असे की, जे माझ्या बाबतीत घडले तेच मी उलट्या बाजूने करीत होते. १९९५ साली मला न विचारता गाठ मारण्यात आली होती. आता तिला न विचारता मी ती सोडायला निघाले होते.

मी अट मागे घेतली; तिच्या जागी एक विनंती केली. “शिट्टी वाजवून दाखव,” मी म्हणाले. गार्डची शिट्टी लांब असते. छातीभर हवा असल्याशिवाय ती निघत नाही. दुसऱ्या दिवशी ती बांधून आली. गोलबाजारातील एका शिंप्याकडून तिने जाड सुती कापडाचे बिनबाह्यांचे वस्त्र शिवून घेतले होते. डाव्या बगलेखाली हुकांची पट्टी होती आणि तिचा उजवा हात तेथे सहज पोहोचत होता. तिने शिट्टी तोंडाला लावली. सूर निघाला, पण अर्ध्यावर तुटला. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तुटला. आम्ही एकमेकींकडे पाहिले. ती काही न बोलता शिंप्याकडे परत गेली आणि बाजूंना बोटभर कापड वाढवून आली. आता कोट पूर्वीइतका सपाट बसत नव्हता. शिट्टी मात्र पुरी वाजत होती. “आजोबा थोडे स्थूल झाले,” ती म्हणाली, “पण चालेल. सेवानिवृत्तीनंतर ते झालेच होते.”

तालमी आम्ही बांधल्याविनाच घेतल्या. दुखले, चक्कर आली किंवा हाताला मुंग्या आल्या तर प्रयोग चालू असला तरी हुक काढायचे, एकावर एक दोन वस्त्रे घालायची नाहीत, आणि बँडेजला हात लावायचा नाही, एवढे नियम तिचे तिनेच कागदावर लिहून आरशाला चिकटविले. त्यांत माझी एकही सूचना नव्हती, हे पाहून मला बरे वाटले.

प्रयोगाच्या दिवशी मी विंगेत उभी होते. पर्समध्ये एक लहान कात्री ठेवली होती, हे येथे कबूल केले पाहिजे. ती रंगमंचावर गेली आणि म्हणाली, “मी आलो.” ते दोन शब्द ऐकून मला माझी आजी आठवली. तिने हिरवा कंदील हलविला, घड्याळ पाहिले, रिकाम्या रुळांकडे पाहिले, आणि अखेर शिट्टी वाजविली. तो सूर सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिला हवा होता तेथेच थांबला. प्रेक्षकांत तिचे वडील होते. ते उभे राहिले होते. टाळ्या मात्र वाजवीत नव्हते.

ती आत आली, कोट खुंटीला अडकविला, बगलेखाली हात घातला आणि एकामागून एक हुक काढले. एक मोठा श्वास घेऊन तिने पाणी मागितले. गाठ सोडायला कोणाची गरज पडली नाही. मी पर्सची साखळी ओढून घेतली.

रात्री परतताना दाई ओसरीवरच बसलेली होती. ‘नाटक कसे झाले’, असे तिने विचारले. मी सांगितले, मुलीने छाती बांधली होती, पण शिट्टी पुरी वाजली. दाईने थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग ठीक आहे.”

घरी येऊन मी आईला दूरध्वनी केला आणि तीस वर्षांपूर्वीची ती गाठ तिला आठवते का, असे विचारले. तिला स्नेहसंमेलन नीट आठवत नव्हते, अर्जुनही आठवत नव्हता. त्या रात्री अंबाडा सुटून केस पाठीवर आले आणि तसेच सर्वांसमोरून घरी जावे लागले, एवढे मात्र तिच्या पक्के लक्षात होते.